चोर उजेड

तिने गाडीची किल्ली डीलरच्या टेबलावर ठेवली, पण तिच्यावरचा हात काही काढला नाही.

डीलरने आधी त्या हाताकडे पाहिलं, मग बोटांतून डोकावणाऱ्या कडीकडे, मग खिडकीबाहेर.

"बसा ना. पाणी घेणार?"

"पाणी नको. इंजिन हवंय."

ती बसली, पण खुर्चीच्या कडेवर. डीलर अंगाने बारीक, आवाजाने मऊ, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला माणूस होता. गाडी विकताना तो जसा बोलला होता तसाच आजही बोलत होता, आणि तिच्या मते सगळ्यात मोठी संशयाची गोष्ट हीच होती. विकताना गोड बोलणारा माणूस तक्रार आली की आवाज चढवतो, ही जगाची रीत. हा चढवत नाही, म्हणजे चांगलाच पोहोचलेला असणार.

संशय घेणं हा तिचा पोटापाण्याचा उद्योग होता. विमा कंपनीत ती लोकांचे दावे तपासायची. कुणाचं दुकान जळालेलं असे, कुणाच्या घरात चोरी झालेली असे. लोक समोर बसून आपापली कहाणी सांगत आणि ती चष्म्यावरून बघत ऐके. इतक्या वर्षांत तिने एक खूणगाठ बांधली होती. खरं बोलणारा माणूस इकडेतिकडे बघतो, आठवतो, अडखळतो. खोटं बोलणारा तेवढा थेट डोळ्यांत डोळे घालून बोलतो. आरशातल्या बाईलासुद्धा हिला ओळखपत्र दाखवावं लागतं, असं ऑफिसातले लोक म्हणत. तिला त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे.

"काय झालं ते एकदा सांगता?" डीलर म्हणाला, आणि पेनस्टँडमधली पेनं उगाच सरळ करू लागला.

"पुलाच्या चढावर आधी खडखड आवाज झाला. मग धूर आला. मग गाडीने मान टाकली. ओढून आणावी लागली. तुमच्याच कारखान्यात उभी आहे."

"त्याआधी काही?"

"त्याआधी काही असतं तर त्याआधीच आले असते."

काचेच्या भिंतीपलीकडे, बाहेरच्या सोफ्यावर तिचे वडील बसले होते. मांडीवर टोपी, खिशात नेहमीसारखं काहीबाही कोंबलेलं. काल पुलावर गाडी बंद पडली तेव्हाही ते असेच शांत बसले होते. धूर निघाल्यावर त्यांनी तिच्या हातावर थोपटलं होतं आणि म्हणाले होते, "रीळ तुटलं, बेबी. आता लोक शिट्ट्या मारतील." आणि खरंच मागच्या गाड्यांनी भोंग्यांचा एकच गलका केला होता. हे अर्थातच डीलरला सांगण्यासारखं नव्हतं.

बाबांनी उभा जन्म सिनेमाच्या थिएटरात काढला होता. वरच्या अंधाऱ्या खोलीत, यंत्रापाशी. थिएटरातली मंडळी त्यांना 'काळोखराव' म्हणत, कारण बाल्कनीत कुणी काडी ओढली तरी त्यांचा जीव खालीवर होई. दाराच्या फटीतून, कुणाच्या बॅटरीतून जो आगंतुक उजेड येतो त्याला ते 'चोर उजेड' म्हणत. चोर उजेड पडद्यावरच्या माणसांचे रंग खातो, असं त्यांचं म्हणणं. थिएटर बंद झालं तेव्हा बाकीच्यांनी निरोपाच्या वस्तू घरी नेल्या, यांनी काळ्या कापडी चिकटपट्टीची रिळं आणली, पिशवी भरून. मग घरातला एकेक दिवा निकालात निघाला. टीव्हीचा ठिपका गेला, फ्रिजचा गेला, चार्जरचा गेला. रात्री पाणी प्यायला उठलं की तिचा अंगठा हमखास ठेचकाळायचा.

पण ते सुरुवातीचं. दिवे संपले तसे बाबा भिंतीकडे तोंड करून बसू लागले. बोलणं कमी झालं, मग जेवण कमी झालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या त्यांनी मुकाट्याने घेतल्या आणि मुकाट्याने भिंतीकडे बघत राहिले. तिला त्या पाठीची भीती वाटायला लागली होती. ऑफिसातून आल्यावर दार उघडताना ती आधी कानोसा घ्यायची.

मग ही गाडी आली. जुनीच, पण समोरची काच मोठी. पहिल्याच संध्याकाळी ती बाबांना शेजारी बसवून एक चक्कर मारून आली, आणि परतताना ते म्हणाले, "काय सुरेख पडदा आहे गं." तेव्हापासून ती घरी पोहोचायच्या आत बाबा केस विंचरून, टोपी हातात घेऊन दाराशी तयार. रस्त्यावरच्या गर्दीला ते 'आजचा खेळ' म्हणत. कुठे भांडण दिसलं की म्हणत, "मध्यंतर होऊ दे, मिटेल." गोळ्यांनी जे झालं नाही ते एका जुन्या गाडीने केलं होतं, आणि त्या गाडीचं इंजिन या मऊ आवाजाच्या माणसाने आतून पोखरलेलं विकलं होतं. याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

सकाळी ती बाबांना म्हणाली होती, "आज चोर पकडूनच येते."

"मग मीही येतो," बाबा म्हणाले होते. "चोर बघून पुष्कळ दिवस झाले."

"इंजिनाला हमी आहे आमची," डीलर म्हणाला. तो अजूनही पेनांशी बोलत होता. "त्यात दुमत नाही. फक्त एक अट आहे, ती तुम्हाला तेव्हाही सांगितली होती. तेल कमी झालं की लाल दिवा लागतो. तो लागूनही गाडी चालवत राहिलात तर मग आमचा इलाज नाही."

"दिवा लागलाच नाही."

"कधीच नाही?"

"मी आंधळी वाटले का तुम्हाला?"

"तसं नाही म्हटलं मी."

"मग कसं म्हटलंत?"

डीलर उठला. "चला, मिस्त्रींनी गाडी उघडून ठेवलीय. समक्षच बघू."

तिने किल्ली उचलली आणि मुठीत धरली. मागच्या दाराने जाताना तिने काचेतून बाबांना खूण केली, बसा, आलेच. बाबांनी हात वर केला.

कारखान्यात गाडी बॉनेट उघडं टाकून उभी होती. मिस्त्री पन्नाशीचा, पोट सुटलेला. त्याने तिच्याकडे न बघताच मान हलवली. तिने त्याचीही नोंद केली. दोघं मिळालेले असणार. एकाने रंगरंगोटी करायची, दुसऱ्याने गोड बोलायचं.

"तेल जवळजवळ संपलंय, मालक," मिस्त्री म्हणाला. "खालून थेंब थेंब गळत होतं. गाडी तशीच पळत राहिली. आतलं सगळं चिकटून बसलंय."

"दिवा?"

"तेच बघायचंय." त्याने तिच्यापुढे हात केला. तिने किल्ली दिली, पण स्वतःही दुसऱ्या बाजूने डोकं आत घालून उभी राहिली. यांच्या हातचलाखीवर नजर ठेवलेली बरी.

मिस्त्रीने किल्ली अर्धी फिरवली. काट्यांच्या पॅनेलवर लाल-पिवळी चिन्हं एकदम उजळली. तो ती बोटाने मोजल्यासारखा एकेक बघत गेला, परत मागे आला, आणि कोपऱ्यातल्या काळ्या जागेवर थांबला.

"इथं असतो तो."

"बल्ब गेला असेल," डीलर म्हणाला.

मिस्त्रीने खिशातली बॅटरी काढली, पुढे वाकला, आणि अंगठ्याच्या नखाने त्या काळ्यातलं काहीतरी उचकटलं. नखावर एक काळी टिकली आली. तिच्या जागी तेलाच्या किटलीचं इवलंसं चिन्ह लालभडक पेटलेलं होतं.

मग तीच बोलली, आणि आपला आवाज इतका थंड निघाला याचं तिचं तिलाच बरं वाटलं.

"म्हणजे तेल गळतंय हे माहीत होतं. दिवा झाकलात आणि गाडी माझ्या गळ्यात मारलीत."

तिला वाटलं, आता हा थेट तिच्या डोळ्यांत बघेल आणि काहीतरी छान रचून सांगेल. पण डीलरने तिच्याकडे बघितलंच नाही. तो मिस्त्रीकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा पडला होता.

"ही गाडी विक्रीला तूच तयार केलीस ना?"

"हो. पण मालक—"

"मागे त्या निळ्या गाडीच्या ब्रेकचंही तू मला सांगितलं नव्हतंस."

"ते विसरलो होतो. मी कबूल केलं होतं. हे मी नाही केलं. पोरांची शपथ."

"मग कुणी केलं? मी केलं?"

मिस्त्रीने खांद्यावरचं फडकं घेतलं आणि एकेक बोट पुसायला लागला.

"मॅडम," डीलर म्हणाला, "माझ्या दुकानातून असं काही गेलं असेल तर मला तोंड दाखवायला जागा नाही. तुम्हाला इंजिन बदलून मिळेल. आठवडाभरात गाडी दारात उभी करतो." मग आवाज जराही न चढवता तो मिस्त्रीला म्हणाला, "आणि तू उद्यापासून येऊ नकोस."

जिंकली ती. इतकं सोपं जाईल असं तिला वाटलं नव्हतं. तिने मनाशी तयार ठेवलेली निम्मी वाक्यं तर वापरावीच लागली नाहीत. आठवडाभर बाबांना कसंतरी रमवायचं, की पुन्हा आपला पडदा सुरू.

"ती पट्टी द्या इकडे," ती म्हणाली. "पुरावा आहे तो."

मिस्त्रीने नख पुढे केलं. तिने टिकली तळहातावर घेतली आणि सवयीने चष्मा वर सरकवून निरखून पाहिली.

कापडी पट्टी होती, चकाकी नसलेली. चारही कोपरे कात्रीने गोल केलेले, कारण टोकदार कोपरा लवकर सुटतो. आणि एका बाजूला कड जराशी आत दुमडून ठेवलेली, धरायला. टीव्हीवरच्या पट्टीला अशीच कड होती. फ्रिजवरच्याही, चार्जरवरच्याही. बाबा तिला 'कान' म्हणत.

तिने मूठ मिटली.

ती संध्याकाळ तिला आठवली. सिग्नलला गाडी उभी होती, बराचसा उजेड गेलेला, आणि तिच्या चष्म्याच्या काचेत काहीतरी लाल लुकलुकत होतं. गाडी हलली की जाई, थांबली की परत येई. दिवसभराच्या कामाने तिचं डोकं उठलं होतं. ती वैतागून म्हणाली होती, "बाबा, डोळ्यांत काहीतरी लाल चमकतंय हो. जीव नकोसा झालाय." आणि बाबा म्हणाले होते, "बघतो मी."

दुसऱ्या दिवशी ते चमकणं बंद झालं होतं. दुधात पाणी किती, काट्यात खोट किती, शेजारीण आज गोड का बोलली, सगळ्याची चौकशी करणाऱ्या तिने ते का बंद झालं याची चौकशी काही केली नव्हती. बरं वाटलं होतं तेवढंच.

मिस्त्री कोपऱ्यात गेला होता. भिंतीवरच्या खिळ्यावरून त्याने आपला शर्ट काढला, डबा उचलला, डब्याचं झाकण घट्ट आहे का ते दाबून पाहिलं. डीलर फोनवर कुणाशी तरी इंजिनाचं बोलत होता. तिला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, असं दावे घेऊन येणारे लोकही तिला सांगत. तेव्हा ती त्यांच्याकडे कशी बघायची ते तिला ठाऊक होतं.

आणि बोलायचं, तर बाबांचं नाव घ्यायचं. मग त्यांना कळणारच. त्यांना कळलं, की ज्या गाडीसाठी ते केस विंचरून बसतात तिचा जीव त्यांनीच घेतला, तर ते काही म्हणणार नाहीत. भिंतीकडे तोंड करतील आणि पुन्हा वळणार नाहीत. हे सगळं तिला दिसलं.

मिस्त्रीने चपला पायात सरकवल्या.

"थांबा," ती म्हणाली.

डीलरने फोन कानापासून दूर केला.

"ही पट्टी..." तिने गाडीच्या चाकाकडे पाहिलं, मग छताकडे. "म्हणजे असं आहे, की... ही आमची आहे. आमच्या घरची. तुमच्या मिस्त्रींनी नाही लावली."

"घरची म्हणजे?"

"माझे वडील... त्यांना दिवे... मीच म्हटलं होतं डोळ्यांत जातोय म्हणून. त्यांना कळलं नाही तो कसला दिवा आहे. मलाही नाही कळलं." ती थांबली. "इंजिन राहू द्या."

डीलरने तिच्याकडे नीट पाहिलं, सकाळपासून पहिल्यांदा.

"मॅडम, तुम्हाला त्याची दया आली, कळतं मला. पण स्वतःचं नुकसान करून असं काहीतरी सांगू नका. कोण बसेल दिव्यांना पट्ट्या लावत?"

सगळ्या नोकरीत तिने हे वाक्य कितीदा तरी वेगवेगळ्या शब्दांत लोकांना ऐकवलं होतं. आपण इतकं खरं बोललो आणि समोरच्याला पटलं नाही, की कसं वाटतं, हे तिला आज कळलं.

"चला माझ्याबरोबर," ती म्हणाली.

बाहेरच्या खोलीत सोफ्यावर नुसती टोपी होती. बाबा कोपऱ्यातल्या पाण्याच्या यंत्रापाशी पाठमोरे उभे होते. एका हातात छोटी कात्री, दुसऱ्या हाताचा अंगठा यंत्रावर दाबलेला. चाहूल लागली तसे वळले, आणि चोरी पकडल्यासारखे हसले.

"तुमचं हे यंत्र सारखं डोळे मिचकावत होतं हो. हिरवा दिवा. म्हटलं, बसलोच आहे तर..." कात्री त्यांनी पट्टीच्या रिळासकट खिशात टाकली. "रागावू नका. सगळीकडे चोर उजेड झालाय नुसता."

डीलरने यंत्राकडे पाहिलं. काळी टिकली, गोल कोपरे. दारात डबा हातात धरून मिस्त्री येऊन उभा राहिला होता, त्यानेही पाहिलं.

"मग बेबी," बाबा म्हणाले, "सापडला का चोर?"

तिने मिटलेली मूठ पाठीमागे नेली.

"चोर कुठला, काका?" डीलर म्हणाला. तो दोन पावलं पुढे झाला आणि बाबांच्या समोर उभा राहिला. "आत एक पाइप फुटला होता. बाहेरून दिसण्यासारखा नव्हता. कुणालाच कळलं नसतं. कुणाची काही चूक नाही यात."

तो सरळ बाबांच्या डोळ्यांत बघत होता. पापणीसुद्धा हलली नाही. असं बघून बोलणाऱ्याचा एकही दावा तिने आजवर मंजूर केला नव्हता.

"पाइप होय," बाबा म्हणाले, आणि तिच्याकडे वळले. "बघ. तू उगाच या माणसावर दात धरून होतीस."

"हो बाबा."

"मग गाडी मिळेल ना परत? म्हणजे घाई नाही. संध्याकाळची सवय झालीय एवढंच."

डीलरने दाराकडे पाहिलं. "ते आमचे मिस्त्री बघतील. उद्या आले की पहिलं तेच काम. जुनं इंजिन कुठे मिळतं का, तेही शोधू. काय मिस्त्री?"

"बघू की," मिस्त्री म्हणाला. डबा त्याने या हातातून त्या हातात घेतला, आणि मग परत कारखान्यात निघून गेला.

ती सोफ्यापाशी गेली आणि टोपी उचलून उगाच झटकत राहिली. मुठीतली पट्टी घामाने तळव्याला चिकटली होती.

डीलरने पेला भरून बाबांपुढे धरला. परत वळताना त्याची नजर यंत्रावरच्या पट्टीवर गेली. एका बाजूला तिची कड वर राहिलेली दिसली, तेव्हा त्याने ती अंगठ्याने नीट दाबून बसवायला हात पुढे केला.

"अहो, तो कान तसाच राहू द्या," बाबा घाईने म्हणाले. "पुढेमागे दिवा बघायची वेळ आली तर काढता नको यायला?"

डीलरने हात मागे घेतला.